वच्छलाबाईच्या दारावरचा डोळा

अरे ऐक ना! ए जुळ्या, जागा आहेस ना? तुझ्यासमोरची लिफ्ट वर जाऊ दे नाहीतर खाली, पार्सलवाला बेल वाजवत बसू दे, दोन मिनिटं माझं ऐक. आत्ता, अगदी आत्ता, मी एक गोष्ट केलीय. आपल्याला करायची परवानगी नसलेली. आणि त्यापायी दोन माणसं खाली ओट्यावर रडतायत, आणि मला कळत नाहीये की मी चांगलं केलं की वाट लावली.

थांब, मधून सांगितलं तर तुला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो.

मी कॅमेरा बोलतोय. तामसीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत आलं की एक गाव लागतं, तिथं वच्छलाबाईच्या दारावर मला ठोकलंय. तू आणि मी एकाच खोक्यातले. हैदराबादच्या दुकानात काचेच्या कपाटात आपण शेजारीशेजारी होतो, आठवतं ना? काय मजा होती यार! दिवसभर गाड्या, माणसं, दिवे. मला वाटायचं जग म्हणजे हेच. मग पंकज आला. जोडी घेतली. तुला स्वतःच्या फ्लॅटच्या दारावर लावलं आणि मला दिवाळीत पिशवीत घालून आईकडं आणलं. दोघंही त्याच्याच फोनात. म्हणून तर आपलं बोलणं होतं.

खरं सांगू? गावाला जायचं म्हटल्यावर माझं तोंड वाकडं झालं होतं. तिथं बघायचं काय? बकऱ्या?

पण पंकजची काळजी खोटी नव्हती हां. बाप गेल्यापासून आई एकटी. वय बासष्ट. मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि एक दिवसाआड बसनं आदिलाबादच्या बाजारात जायची. घर दिवसभर उघडं. हो, उघडं! दाराला कडी होती, पण ती कुत्र्यासाठी. पंकज फोनवर रोज एकट्यानं राहणाऱ्या बायकांच्या बातम्या वाचायचा आणि त्याला झोप यायची नाही.

तो शिडीवर चढून मला ठोकत होता तेव्हा अख्खी गल्ली खाली जमलेली.

"हे काय होय वं वच्छला? दारावर डोळा?" शेजारच्या तुळजाबाईनं विचारलं.

"पंकजचा होय. तिकडून पाहते म्हणे तो आपल्याले."

"मंग मी लुगडं बदलून येतो नं बाई! अशी मयकट कशी दिसू?"

तिचा नवरा, मारोतराव, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मिशीवरून हात फिरवला, छाती काढली. "माहा फोटो कसा येते रे पंकज? जवान दिसून राह्यलो का?"

"काका, हा फोटोचा नाही, सेफ्टीचा आहे."

"सेप्टी? आमी काय मेलो हाओ काय?"

सगळे हसले. पंकजपण हसला. मीही, आतल्या आत.

मग पंकजनं दोन कामं केली. एक, माझ्यात ओळखीचे चेहरे भरले. आईचा, स्वतःचा आणि बायकोचा, म्हणजे मयूरीचा. तीन. बाकीच्यांचे 'नंतर भरतो' म्हणाला आणि ते राहूनच गेलं. म्हणजे बघ, ज्या तुळजाबाईच्या चुलीपाशी बसून तो लहानाचा मोठा झाला, ती माझ्या हिशेबी अनोळखी. दुसरं म्हणजे त्यानं स्वतःच्या आवाजात एक वाक्य भरलं. या तिघांशिवाय कुणीही उंबऱ्यावर पाय ठेवला की मी ते म्हणायचं. "कोण आहे? कॅमेरा चालू आहे. काम असेल तर फोन करा."

तुझ्याकडं हे वाक्य दिवसाला चारदा लागत असेल. इथं? पहिल्याच दिवशी माझा घसा बसायची पाळी आली! कुणी ताक मागायला, कुणी फोन चार्जिंगला लावायला, कुणाची शाळेतून आलेली पोरगी पाणी प्यायला, कुणी उगीच. प्रत्येकाला मी पंकजच्या आवाजात हटकायचो. पोरांना तर खेळच सापडला. आत-बाहेर, आत-बाहेर उड्या मारायची आणि मला ओरडायला लावायची. पंकजला ऑफिसात दर दोन मिनिटांनी 'अनोळखी व्यक्ती दारात'.

"आई, दिवसभर कोण कोण येतं गं घरात?"

"दार हाय बापू. लोकं येतीनच."

मला गंमत वाटायची. तू सांगायचास ना, समोरच्या दारातलं जोडपं तीन वर्षं झाली तरी पंकजला नावानं माहीत नाही म्हणून. आणि इथं मला कोण कुणाच्या घरचं हेच कळेना, सगळे सगळ्यांच्या घरात. पण मी शहरातला, हुशार. मला वाटलं, हे लोक बावळट आहेत. यांना सांभाळायला मीच पाहिजे. तो माज होता माझा. आता कबूल करतो.

आता ताडपत्रीचं ऐक. सगळं तिथंच बिघडलं.

या गल्लीत सात घरं मिळून एक मोठी ताडपत्री. ठेवायची वच्छलाबाईच्या मधल्या खोलीत, कारण ती कोरडी. कापूस वेचून आणला की लोक अंगणात वाळत घालतात. आभाळ भरून आलं की जो गावात असेल त्यानं धावत जायचं, ताडपत्री काढायची आणि ज्याचा कापूस उघडा दिसेल त्याच्यावर टाकायची. विचारायचं नाही. विचारत बसलं तर कापूस भिजतो. पंकज स्वतः दहावीपर्यंत ती ओढत धावलेला. पण हैदराबादला जाऊन पंधरा वर्षं झाली, विसरला असेल.

त्या दिवशी वच्छलाबाई बाजाराला गेलेली. दुपारी अचानक आभाळ काळं झालं. मारोतराव शेतातून पळत आला. तोंडाला दुपट्टा बांधलेला, कापूस वेचताना धूळ नाकात जाते म्हणून बांधतात तसा. सरळ घरात शिरला, मी हटकलं तर वरही बघितलं नाही, आणि खांद्यावर मोठं गाठोडं टाकून बाहेर पळाला.

मी काय केलं? जे शिकवलंय ते. बारा सेकंदांचा तुकडा काढला आणि पाठवला. तोंड बांधलेला माणूस, रिकामं घर, खांद्यावर गाठोडं.

त्याच्यानंतरचंही मला दिसत होतं रे! अंगणाच्या कोपऱ्यात त्यानं ती ताडपत्री वच्छलाबाईच्याच कापसावर पसरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि मग स्वतःच्या ओसरीत जाऊन अंग पुसत बसला. त्याचा स्वतःचा कापूस अर्धा भिजला. पण ते उंबऱ्यापासून लांब होतं. ते पाठवायचं माझं काम नव्हतं. मी नाही पाठवलं.

पंकजनं तो तुकडा गावाच्या ग्रुपवर टाकला. दोनशेच्या वर माणसं त्यात. खाली लिहिलं, 'आमच्या घरात भरदिवसा चोर. कुणी ओळखत असेल तर लगेच सांगा.'

तासाभरानं, कुणीतरी तो तुकडा दाखवल्यावर, वच्छलाबाईनं बसमधूनच फोन केला. "अरे तो तुहा मारोतकाका होय नं! ताडपत्री नेली त्यानं. काय करून बसला रे बापू?"

पंकजनं घाईघाईनं तो तुकडा काढून टाकला. 'गैरसमज झाला' असं लिहिलं, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. फोन केला नाही. त्याला लाज वाटली असणार. पण तोवर तो तुकडा पार नार्नूरच्या पाहुण्यांपर्यंत पोचला होता. चहाच्या टपरीवर कुणीतरी मारोतरावाला म्हणालंच, "काय चोरसाहेब, आज काय माल?" थट्टाच होती. पण मारोतराव चहा तसाच ठेवून उठला म्हणे.

संध्याकाळी तो ताडपत्री घेऊन आला. नीट घडी घातलेली. ओट्याच्या कडेला ठेवली.

"आत ठेवा नं भाऊ," वच्छलाबाई म्हणाली.

"नाई बाई. इथंच बरी हाय. आत गेलो तं पुन्हा तुह्या पोराच्या मोबाईलात जाईन."

हसतच म्हणाला तो. पण माझ्याकडं बघितलंच नाही. आणि त्या दिवसापासून, जुळ्या, दार शांत झालं.

भांडण नाही, काही नाही. फक्त पाय थांबले. तुळजाबाई फाटकातूनच वाटी पुढं करायची. पोरांना आयांनी दटावलं. सकाळी एकमेकींना 'उठली काय वं?' म्हणून हाक मारायची पद्धत होती, तीही रस्त्यावरूनच, आणि मग दोन दिवसांआड. पंकज खूश! "आता कसं शांत झालं बघ आई." दिवसाला एखादाच निरोप जायचा माझा.

वच्छलाबाई एकदा म्हणाली त्याला, "काढून टाक नं बापू ते. घर कसं भण्ण वाटते."

"मग हैदराबादला चल. नाहीतर तो राहू दे. मला झोप लागते गं त्याच्यामुळं."

पोराला झोप लागते म्हटल्यावर तिनं राहू दिलं.

आणि एक सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. कुणी बोलायला येईना तेव्हा ती संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि माझ्याशी बोलायची. म्हणजे पंकजशीच. "जेवली मी. ज्वारीची भाकर आन वांगं केलतं. तू जेव वेळेवर." पंकज त्या वेळी ट्रॅफिकमध्ये असायचा, त्यानं एकदाही उघडून ऐकलं नाही. मी ऐकायचो. मला वाटायचं, मीच हिचा मुलगा. ही माझी चोरी. दारावर बसून माणूस चोरला मी तिचा आणि वर त्याची ऊब घेत होतो.

आता त्या सकाळचं सांगतो. सांगायलाच पाहिजे.

मागच्या शुक्रवारी. दहाच्या बसनं तिला आणि तुळजाबाईला बाजाराला जायचं होतं. टोपली भरून ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला ती मागं न्हाणीत गेली. मला न्हाणी दिसत नाही. पण कान आहेत ना. धप्प आवाज आला. बादली गडगडली. मग काहीच नाही.

माझं काम दारात हललेलं बघायचं. आतला आवाज पाठवायचा नाही. मी गप्प.

थोड्या वेळानं तुळजाबाई फाटकात आली. "वच्छला! ए वच्छला, चाल नं वं, बस आली!"

उत्तर नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. पदर सारखा केला. मग, खूप दिवसांनी, ओट्यावर चढली आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. अरे, मला एवढं बरं वाटलं! जा, आत जा, असं मनात म्हणत होतो मी. आणि तोंडातून काय निघालं?

"कोण आहे? कॅमेरा चालू आहे. काम असेल तर फोन करा."

चटका बसावा तसा तिनं पाय मागं घेतला. आणि त्याच क्षणी आतून, त्या आवाजानंच शुद्धीवर आली असावी ती, न्हाणीतून अगदी बारीक आवाज आला,

"आला काय रे बापू?"

पंकजच वाटला तिला. पोरगा आला असं वाटलं.

तुळजाबाईला ते ऐकूच गेलं नाही. ती पायरी उतरत होती आणि रस्त्यावर बसवाला हॉर्न वाजवत होता. ती पुटपुटली, "नसन यायचं तं सांगावं नं. पोरानं मना केलं असन." आणि गेली.

मी तुकडा पाठवला. 'अनोळखी व्यक्ती दारात.' पंकज मीटिंगमध्ये होता. त्यानं बोटानं सरकवून टाकला.

चार तास, जुळ्या. चार तास ती आत पडून होती आणि मी दारावर टक लावून. पहिला तास ती पंकजला हाक मारत होती. "बापू, उचल नं मले." मग तुळजाबाईला. मग नुसतं पाणी मागत होती. मी सगळं ऐकलं. तुझ्याकडंही काही बोललो नाही.

दोन वाजता मारोतराव रस्त्यानं चालला होता. थांबला. ओट्यावरच्या टोपलीतली मेथी उन्हात पार मलूल झालेली. वच्छलाबाई भाजी उन्हात टाकून जाणारी बाई नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो फाटक ढकलून आला. ओट्यावर चढला. माझ्यासमोर उभा राहिला, आणि मान वर करून थेट माझ्या डोळ्यात बघितलं.

"नीट पाह्य रे. मी मारोतराव. आज तोंड बांधलं नाई. घरात शिरून राह्यलो. पाठव तुह्या मालकाले, साऱ्या गावाले दाखव म्हणा."

आणि मी मेला, पुन्हा तेच. "काम असेल तर फोन करा."

"करतो नं बाबा फोन. पह्यले बाईले पाहू दे."

मग एकदम त्याची हाक ऐकू आली, गल्ली हादरेल अशी. क्षणात सगळे धावले. एका दमात एवढे अनोळखी मी कधीच बघितले नव्हते. कुणी मला बघितलं नाही, कुणी माझं ऐकलं नाही. खाटेवर घालून चौघांनी तिला बाहेर आणलं, ऑटोत घातलं, आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. जगली ती. पण सहा महिने कुणाच्यातरी आधारानं.

आता आजचं. पंकज दवाखान्यातून आईची लुगडी न्यायला आला होता. उद्या सुट्टी मिळणार. त्यानं आल्याआल्याच सांगून टाकलं की आई आता हैदराबादलाच. म्हणजे तुझ्या दाराच्या आत, चौथ्या मजल्यावर, जिथं दिवसभर कुणीच घरी नसतं. तुळजाबाई ओट्याच्या पायरीशी उभी होती.

"तिचा जीव नाई लागायचा रे तिकडं. इथंच आण. आमी करू नं तिचं."

आणि पंकज भडकला.

"तुम्ही करणार? काकू, चार तास! चार तास आई पडून होती. तुम्ही दारापर्यंत आलात आणि परत गेलात. माझ्याकडं आहे रेकॉर्डिंग. आत डोकावून बघता आलं नाही? हेच का तुमचं गाव?"

तुळजाबाई खाली बघून पदराचं टोक पिळत राहिली. तिनं सांगायला हवं होतं ना, की तुझ्याच आवाजानं मला हटकलं! नाही सांगितलं. दवाखान्यातून आलेल्या पोराशी काय वाद घालायचा, असं वाटलं असेल.

"थांबा, दाखवतोच," पंकज म्हणाला. फोन काढला आणि तो शुक्रवारचा तुकडा मागितला माझ्याकडं.

आता ऐक नीट. तुकडा द्यायच्या आधी आपण त्याचा आवाज साफ करतो की नाही? आपलं स्वतःचं बोलणं कापतो, वारा कापतो, लांबचं बारीकसारीक काय असेल ते गोंगाट म्हणून पुसतो. म्हणूनच तर इतके दिवस कुणाला काही कळलं नव्हतं. तसाच साफ करून दिला असता तर काय दिसलं असतं? एक बाई येते, पाय ठेवते, मागं घेते, निघून जाते. बस्स. दोष सगळा तिचा. आणि वच्छलाबाई हैदराबादला.

मी साफ नाही केला.

पहिल्यांदाच, जन्मात पहिल्यांदाच, जसा होता तसा दिला.

पंकजनं फोन तुळजाबाईपुढं धरला. आवाज मोठा केलेला. त्याचाच आवाज निघाला. "कोण आहे? कॅमेरा चालू आहे..." तुळजाबाईचा पाय मागं गेला. पंकज थबकला. आणि मग त्याच्याखालून ते, बारीक, "आला काय रे बापू?"

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा फोन कानाला लावून ऐकलं. मग तिथंच ओट्यावर बसला. "माह्याच आवाजाले वो दिली तिनं," म्हणाला. इतकी वर्षं शहरात घासूनपुसून गुळगुळीत झालेली त्याची बोली एकदम गळून पडली. "मले वाटलं मी तिले सांभाळून राह्यलो, काकू."

इथवर ठीक होतं रे. माझी मान ताठ होणार होती. पण तुळजाबाईपण तिथंच होती ना! तिनंही ऐकलं. मी तिला वाचवायला गेलो आणि...

"म्हंजे ते बोलत होती," ती म्हणाली. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. "आतून बोलत होती वच्छला. आन मी बसमधी जाऊन बसली. खिडकीजवळ जागा भेटली म्हून खूश होती मी."

ती पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावला. पंकज तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, पण ती अंग चोरून बसली. अजून तशीच बसलीय. पंकज ओट्यावर, ती पायरीवर, मध्ये हातभर अंतर. लुगड्यांची पिशवी तिथंच पडलीय. आई कुठं जाणार, ते अजून ठरलेलं नाही.

मारोतराव लांबून बघतोय. तोही येत नाहीये.

सांग ना आता. पुसून टाकलं असतं तर पंकजला आयुष्यभर वाटलं असतं की गावानं त्याच्या आईला टाकलं, पण तुळजाबाईला ती हाक कधीच कळली नसती. निदान तिला झोप लागली असती. आता ती हाक तिच्या कानातून काढायची कुणी? आणि हे सगळं सुरू झालं कुणामुळं? मी त्या दिवशी बारा सेकंदांवर थांबलो म्हणून. आज नाही थांबलो म्हणून.

पंकज शिडी आणेल, मला काढेल, कपाटात टाकेल. टाकू दे. मी तक्रार नाही करणार. पण त्याआधी तू तरी बोल काहीतरी. आपण एकाच खोक्यातले, एकच अक्कल दिलेली आपल्याला. पंकजनं तो तुकडा मागितला तेव्हा, माझ्या जागी तू असतास, तर तू काय केलं असतंस?